काटा कुणाच्या हातात

आशाताईच्या पिशवीतला वजनकाटा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हातात धरायचा स्प्रिंगचा काटा, खाली कापडाची झोळी. आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आहे का ते बघायचं. मग बाळाला झोळीत ठेवायचं, काटा डोळ्यांसमोर येईल इतका उचलायचा आणि बाळ हातपाय झाडायचं थांबेपर्यंत वाट बघायची. आकड्यांच्या कडेला रंगाचे पट्टे असतात. अडीच किलो आणि त्यापुढे हिरवा, त्याखाली पिवळा, फारच कमी वजन असेल तर लाल. आकडे वाचता न येणाऱ्या बाईलाही रंग कळतो.

मी नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यात गटप्रवर्तक आहे. गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या वीस-बावीस आशांवर देखरेख ठेवायची, त्यांचे अहवाल गोळा करायचे, मोबदल्याचे फॉर्म तपासायचे आणि महिन्यातले बहुतेक दिवस त्यांच्यासोबत घरोघर फिरायचं, असं हे काम. तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा. नदी ओलांडली की उमरखेड, म्हणजे विदर्भ लागला. इसापूर धरणाचं पाणी कालव्यानं जिथं पोचलं तिथं केळी, हळद, ऊस. जिथं पोचलं नाही तिथं कापूस, सोयाबीन आणि पावसाची वाट. मधेमधे बंजाऱ्यांचे तांडे, आंध आदिवासींच्या वस्त्या. पावसाळ्यात काळी माती गाडीच्या चाकात अशी भरते की स्कूटी गावाबाहेर लावून पुढं पायी जावं लागतं. मोठ्या दवाखान्यासाठी नांदेड गाठायचं तर ६५-७० किलोमीटर. म्हणून नवं बाळ घरी आल्यावर पहिले दीड महिने त्याच्याकडं नीट बघणारं माणूस गावातच असावं लागतं. ते माणूस म्हणजे आशा.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. या भेटींचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली आणि १९९० च्या दशकात तिथल्या ३९ गावांत गावातल्याच थोडं शिकलेल्या बायांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. वजन करणं, ताप बघणं, बाळाला ऊब देणं इथपासून जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत. त्या बायांना आरोग्यदूत म्हणत. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये त्या कामाचा निबंध छापून आला. या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं, ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ मध्ये हीच पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली. डॉक्टर, यंत्रं, इमारती या सगळ्यांच्या आधी गावातल्याच बाईच्या हातात विद्या दिली की काय होतं, हे जगाला दाखवणारं हे काम मराठी मुलखात झालं याचा मला अभिमान वाटतो. प्रशिक्षणात नवीन आशांना मी ही गोष्ट दरवेळी सांगते आणि दरवेळी कुणीतरी विचारतं, “त्या बाया आपल्यासारख्याच व्हत्या का?” हो, आपल्यासारख्याच.

पण विद्या आशाच्या हातात आली म्हणजे ती घरात शिरली असं होत नाही. हे मला एका आशानं दाखवलं.

हळदीचे दिवस होते. तामशाच्या रस्त्यावरच्या एका गावात आम्ही दोघी गेलो. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडलेली. घरातली सून आदल्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालयातून बाळ घेऊन आलेली, मुलगी झालेली. कार्डावर वजन २ किलो १००. दारात सासूबाई उभ्या. साठीच्या पुढच्या, आवाज खणखणीत, हाताला काम करून आलेली ताकद. गल्लीतल्या कितीतरी बाळांना त्यांनीच न्हाऊ-माखू घातलेलं. न्हाणीत पाणी तापत होतं ते मला दारातूनच दिसलं.

“बाई, माझी सात लेकरं झाली या घरात,” त्या म्हणाल्या. “एकाचंबी वजन कुणी केलं नाही. समदी धडधाकट हाईत.”

अशा वेळी सांगण्यासारखं खूप असतं. बाळ कमी वजनाचं आहे, इतक्यात आंघोळ नको, ऊब निघून जाते. डोक्याला टोपरं हवं. मध नको, गुटी नको, फक्त अंगावरचं दूध, दर दोन तासांनी. आईच्या छातीशी उघड्या अंगानं बाळ बांधून ठेवायचं. हे सगळं पुस्तकात चित्रांसकट आहे. आणि हे सगळं सासूबाईंना तोंडावर सांगणं म्हणजे सात लेकरं वाढवलेल्या बाईला सुनेसमोर अडाणी ठरवणं आहे.

आशानं यातलं काहीच सांगितलं नाही. तिनं पिशवी उघडली, साबण काढला, अंगणातल्या बादलीपाशी बसून कोपरापर्यंत हात धुतले. मग तोच साबण सासूबाईंच्या पुढं धरला.

“आत्या, हात धुऊन घ्या. आज काटा तुम्हीच धरायचा.”

“मी?”

“तुम्हीच. लेकरं धरायची सवय तुमच्या हाताला हाय. मी झोळीत ठेवते, तुम्ही वर उचला.”

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. मग पदर खोचून खाली बसल्या. हात धुतले आणि सवयीनं पदराला पुसायला गेल्या. “पुसू नगा, तसेच वाळू द्या,” आशा म्हणाली आणि स्वतःचे ओले हात वर धरून दाखवले. दोघी जणी समोरासमोर हात वर करून उभ्या. सुनेला हसू आलं ते तिनं ओढणीत दाबलं.

काटा त्यांनी दोन्ही हातांनी धरला. बाळ झोळीत वळवळलं. “हलायलंय की,” त्या म्हणाल्या. “थांबू द्या त्याला,” आशा म्हणाली. सगळे थांबलो. काटा थरथरत एका जागी आला. सासूबाईंनी डोळे बारीक केले.

“पिवळ्यावर हाय गं.”

आशा गप्प.

“हिरव्यावर कवा जाईल?”

मला त्या सकाळचा हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. जे आम्ही सांगायला आलो होतो ते आता त्या विचारत होत्या. न विचारता सांगितलं की तो उपदेश होतो आणि घरातली कर्ती बाई उपदेश कानाआड करते. विचारल्यावर सांगितलं की ते तिच्या उपयोगाचं होतं. आशानं मग आंघोळीचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, छातीशी बांधून ठेवायचं कसं ते सुनेला करून दाखवलं. आणि एक गोष्ट आवर्जून आधीच सांगून ठेवली, की पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, सातव्या दिवशी काटा खाली दिसला तर घाबरायचं नाही, लेकरू दूध ओढतंय का, लघवी करतंय का ते बघायचं. आम्ही निघालो तेव्हा न्हाणीतलं तापलेलं पाणी सासूबाईंनी सुनेच्या आंघोळीला दिलं.

सातव्या दिवशी काटा खरोखरच थोडा खाली होता. आधी सांगून ठेवलं नसतं तर सगळा विश्वास तिथंच संपला असता. चौदाव्या दिवशी मूळ वजन भरून वर गेला. पुढच्या भेटींना मी नव्हते, पण अठ्ठाविसाव्या दिवशी मुद्दाम गेले. शेजारच्या चार-पाच बाया जमल्या होत्या. सासूबाईंनी कुणी न सांगता हात धुतले, काटा उचलला आणि तो हिरव्यावर टेकला तेव्हा त्यांनी कुणाकडंही न बघता तो सुनेच्या हातात दिला. “आता तू धर. तुझं लेकरू हाय.”

त्या सुनेनं आमच्याशी तोपर्यंत एक पूर्ण वाक्य बोललेलं नव्हतं. विचारलं की सासूकडं बघायची. त्या दिवशी काटा धरून तिनं आकडा वाचला, मोठ्यानं. ती दहावीपर्यंत शिकलेली होती हे मला तेव्हा कळलं.

पुढं वर्षभरानं त्याच गल्लीत दुसऱ्या घरी आम्ही गेलो तेव्हा ह्या सासूबाई आमच्या आधी तिथं पोचल्या होत्या आणि त्या घरच्या आजीला बादलीपाशी बसवून सांगत होत्या, “पदराला पुसू नगंस.”

मी हे मासिक बैठकीत मांडलं. आशाला पुढं बोलावून कापडाच्या गुंडाळीचं बाळ करून दाखवायला लावलं. तिला वाटत होतं यात दाखवण्यासारखं काय आहे. एका सिस्टरनं रास्त शंका काढली: घरच्या माणसानं वाचलेला आकडा चुकला तर? रजिस्टरला चुकीचं वजन गेलं तर धोक्याचं बाळ सुटेल. त्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली आणि ठरलं ते असं, की घरच्यांनी धरायचं, घरच्यांनी रंग सांगायचा, पण त्याच वेळी आशानंही आकडा स्वतः वाचायचा आणि तोच लिहायचा. जरा जास्त वेळ जातो. या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की आशाला एका बाळामागं २५० रुपये मिळतात. त्यात असा जास्तीचा अर्धा तास कुणी मोजत नाही. तरी ज्यांनी तो दिला त्यांच्या घरी पुढच्या भेटी सोप्या झाल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सगळीकडं जमलं असं नाही. एका घरात सासरे म्हणाले, आमच्या बायका असल्या कामात पडत नाहीत, तुमचं काय ते करा आणि जा. तिथं आशानं आपलं काम केलं आणि आम्ही निघालो. काही घरांत म्हातारं माणूसच नसतं. ऊसतोडीवरून परतलेलं, किंवा केळीच्या बागेत सालानं राहिलेलं जोडपं, दोघंच. तिथं काटा बापाच्या हाती गेला. ट्रॅक्टर चालवणारा एक पोरगा, हातांना ग्रीस लागलेलं, दोनदा साबण लावून धुतलं. बाळ उचलायचीच त्याला भीती वाटत होती. पण प्रत्येक भेटीचं वजन त्यानं भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या त्या तारखेच्या चौकोनात पेनानं लिहून ठेवलं. बेचाळिसाव्या दिवशी आशाच्या रजिस्टरमधले आणि त्याच्या कॅलेंडरमधले आकडे आम्ही ताडून पाहिले, सगळे जुळले.

मला या कामात जी गोष्ट पटली आहे ती हीच. आपल्याकडं ज्याच्यापाशी अधिकार असतो तो हातातली वस्तू सोडत नाही. रजिस्टर, शिक्का, माइक, चावी. लहानशी का होईना, एखादी वस्तू दुसऱ्याच्या हातात देणं ही माणसाला मोठं करणारी कृती आहे. गोड बोलणं वेगळं. गोड बोलणारी पुष्कळ माणसं काटा स्वतःच्याच हातात ठेवतात. त्या आशानं आवाज चढवला नाही, हुकूम दिला नाही, आणि त्या घरात पुढचा महिनाभर जे झालं ते तिच्यामुळं झालं. पण त्या घरातल्या कुणाला विचाराल तर ते म्हणतील, आमच्या आईनं केलं. हे असं म्हटलं जाणं हाच त्या कामाचा कस आहे, असं मी मानते.

हे आशाकडून घरात जातं तसं डॉक्टरांकडून आशाकडंही येतं. आमच्या आरोग्य केंद्रात मध्यंतरी एक वैद्यकीय अधिकारी होते, तरुण, पहिलीच नेमणूक. त्यांनी बैठकीत भाषण वगैरे काही केलं नाही. त्यांची सवय मात्र एक होती. आशानं एखादी माता किंवा बाळ पुढं पाठवलं, की पुढं काय झालं हे दोन दिवसांनी ते तिला स्वतः फोन करून सांगत. “ताई, तुम्ही पाठवलेल्या बाळाला न्युमोनिया निघाला, वेळेत आलं, आता दूध प्यायला लागलंय.” किंवा, “ताई, रक्तदाब वाढलेला होता त्या बाईचा, नांदेडला पाठवलं, सिझर झालं, दोघं बरे आहेत.” एवढंच. मिनिटभराचा फोन.

यात किती मोठी गोष्ट आहे हे या कामातल्या माणसालाच कळेल. आशा रात्री-बेरात्री १०८ ला फोन लावून बाईला गाडीत बसवते. गाडी निघून जाते. पुढं काय झालं हे तिला कुणी कळवत नाही. नातेवाइकांकडून अर्धवट काहीतरी कळतं, कधी तेही नाही. चुकून वाईट झालं तर मात्र सगळ्यांच्या आधी तिच्यापर्यंत पोचतं, तेही दोषासकट. वर्षानुवर्षं माणसं पाठवायची आणि एकदाही उत्तर यायचं नाही. मग मनात शंका येते, की आपण उगीच घाई करतो का, लोक म्हणतात तसं घाबरवतो का. त्या फोनमुळं आशांना आपली पारख बरोबर होती की नव्हती हे कळायला लागलं. जिथं नव्हती तिथंही डॉक्टर सांगत, “साधी सर्दी होती, पण पाठवलंत ते बरोबर केलंत, श्वास मोजायचा कसा ते पुढच्या वेळी परत बघू.” आशा शिकत गेल्या. त्यांचं पाठवणं नेमकं होत गेलं.

आणि मग सिस्टर तसे फोन करू लागल्या. त्यांना कुणी आदेश काढला नव्हता. रुग्णवाहिकेचे चालकदादा हदगावहून परत येताना वाटेत आशाच्या गावी गाडी हळू करून खिडकीतूनच सांगून जाऊ लागले, “पोरगं झालं, बरं हाय!” डॉक्टरांची बदली झाल्यावरही ते थांबलं नाही. ज्या गोष्टीला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, ती एकानं करून दाखवेपर्यंत कुणालाच सुचत नाही याचं मला अजून नवल वाटतं. सुचत नाही असंही नसेल. आपण केलं तर बरं दिसेल का, ही एक अडचण असते. पहिला माणूस तेवढी अडचण दूर करतो.

कोरोनात असा पहिला माणूस मी गावातच पाहिला. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. आशांनी ऑक्सिमीटर आणि ताप मोजायचं यंत्र घेऊन घरोघर जायचं. लोक दारं लावून घेत. ऑक्सिमीटरमध्ये बोट घातलं की उचलून नेतात, अशी भीती पसरलेली. ज्या घरांत या बायांनी बाळं जोखली होती त्याच घरांतून “ताई, आज नको” असं ऐकू यायचं. एका गावात दोन दिवस एकही घर उघडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानावर गर्दी असताना तिथला किराणा दुकानदार काउंटरच्या बाहेर आला आणि आशापुढं बोट करून म्हणाला, “लाव गं बाई, बघू किती येतंय.” आशानं आकडा मोठ्यानं वाचला. ९८. “चांगलं हाय का?” “चांगलं हाय, काका.” मग मागं उभ्या असलेल्या माणसांनी एकेकानं बोटं पुढं केली. त्या दुकानदाराचं गावात पद काही नव्हतं. पण सगळं गाव त्याच्याकडून मीठ-तेल नेत होतं आणि त्याला ते ठाऊक होतं. आपल्या बोटाला गावात किती वजन आहे हे ओळखून त्यानं ते वापरलं.

आणखी एक गोष्ट सांगते, ती बोलायला अवघड आहे. माझ्या भागातली एक आशा ज्या घरी जाईल तिथं आधी पाणी मागते. तांड्यावर, दलित वस्तीत, कुठंही. तहान असो नसो. मागून घ्यायचं, बसून प्यायचं, भांडं हातात परत द्यायचं. ती ज्या घरची आहे त्या घरात हे आवडलं नाही. तिच्या सासूनं बरेच महिने तिची पाण्याची घागर वेगळी ठेवली होती. तिनं वाद घातला नाही आणि पाणी मागणंही सोडलं नाही. अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी वस्तीतल्या बाया पूर्वी बाहेर ओट्यावर बसून राहायच्या, बाकीच्यांचं आटोपलं की आत यायच्या. हळूहळू त्या येतील त्या क्रमानं आत येऊन बसायला लागल्या, कारण आशा यादी वाचताना त्यांना नावानं हाक मारून आपल्या शेजारी बसवायची. गाव बदललं असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या पंगती तशाच आहेत. पण त्या एका खोलीत, महिन्यातून एक दिवस, बाळाच्या लसीसाठी बसायची जागा सगळ्यांची एक झाली. तांड्यावरच्या म्हाताऱ्या तिला आता याडी म्हणतात, आई म्हणतात. ती त्यांच्या नातीच्या वयाची आहे.

२२ मे २०२२ रोजी जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या ७५ व्या सभेत भारतातल्या दहा लाखांवर आशांना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ हा पुरस्कार जाहीर झाला. महासंचालक टेड्रोस यांनी त्या वर्षी सहा पुरस्कार दिले. त्यातला एक अफगाणिस्तानातल्या आठ पोलिओ लसीकरण कार्यकर्त्यांना होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत तखार आणि कुंदुझ प्रांतांत त्यांना गोळ्या घालून मारलं होतं. त्यांत चार बाया होत्या. आपल्या आशांचं नाव त्यांच्यासोबत घेतलं गेलं याची जाणीव मला आमच्या सगळ्या आशांना करून द्यावीशी वाटली. बैठकीत मी ती बातमी वाचून दाखवली, त्या आठ जणांबद्दलही सांगितलं. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं विचारलं, “मॅडम, त्यांच्या लेकराबाळांचं कोण बघतंय?” मला उत्तर माहीत नव्हतं.

पुरस्काराचा आनंद झाला आणि तो खरा होता. पण जगानं जिला नेता म्हटलं ती बाई महिन्याच्या शेवटी प्रत्येक कामाचा वेगवेगळा मोबदला फॉर्ममध्ये भरते, आणि तो कधी वेळेवर येतो, कधी येत नाही. माझं या बाबतीत स्पष्ट मत आहे. छोट्या कृती मोठं काम करतात म्हणून त्या करणाऱ्यांना थोडक्यात भागवावं, हा हिशेब अन्यायाचा आहे. कौतुकाचे शब्द पगाराच्या जागी वापरले की त्या शब्दांचीही किंमत जाते. २०२१ च्या जूनमध्ये आशांचा राज्यभर संप झाला. २०२३ च्या ऑक्टोबरात परत झाला. २०२४ च्या सुरुवातीला थंडीत बाया मुंबईत आझाद मैदानावर जाऊन बसल्या, आणि त्या मार्चमध्ये राज्याकडून मिळणाऱ्या मोबदल्यात दरमहा ५ हजारांची वाढ मंजूर झाली. एकाही बाईला ही वाढ सत्काराच्या शालीतून मिळालेली नाही. रस्त्यावर बसून मिळाली आहे.

संपाच्या काळात हदगावला तहसीलसमोर आमचं धरणं होतं. दुपारी उन्हात बसलो होतो. एक टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून दहा-बारा बाया उतरल्या, डोक्यावर फडक्यात बांधलेल्या भाकरी. करीच्या दिवशी तामशाला बारालिंगाच्या पंगतीसाठी आसपासच्या गावांतून जशा भाकरी जातात तशा. तिथं देवस्थानात मोठ्या कढयांत सगळ्या भाज्यांची एक भाजी होते आणि कुणाची भाकर कुणाच्या ताटात गेली हे कुणी विचारत नाही. टेम्पोतून उतरणाऱ्यांत त्या सासूबाई होत्या. त्यांनी मला ओळखलं, पण बोलल्या आशाशी. “तू घरला येईनास म्हणून आम्ही आलो,” म्हणाल्या, आणि रस्त्यावरच बसून फडकं सोडायला लागल्या. त्यांच्या सुनेनं नात कडेवर घेतली होती. नात आता चालायला लागली होती. तिथल्या एका पोलीस ताईंनी काही न बोलता सावलीतली आपली खुर्ची उचलून सासूबाईंना दिली. सासूबाईंनी खुर्चीवर भाकरी ठेवल्या आणि आपण खालीच बसल्या.

मला त्या दिवशी जे वाटलं ते सांगते. आम्ही इतकी वर्षं घराघरांत जातो ते द्यायला जातो असं समजतो. माहिती देतो, गोळ्या देतो, धीर देतो. घेणारा माणूस कधीतरी देणारा होईल याची सोय आपण आपल्या कामात ठेवतो का, हे मी तेव्हापासून बघायला लागले आहे. ज्या आशा अशी सोय ठेवतात, त्यांच्या गावात त्या एकट्या पडत नाहीत. आजारी पडल्या तर रजिस्टर घरपोच येतं, पोरांना शाळेत कुणी सोडतं, संपात भाकर येते. ज्या सगळं आपल्याच हातानं करतात, फार कष्टानं आणि फार प्रामाणिकपणं करतात, त्यांना मी दमून जाताना पाहिलं आहे. त्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यांच्यासोबत गेले की मी आता एकच गोष्ट करते. थर्मामीटर पिशवीतून काढून आशाच्या हातात देण्याऐवजी बाळाच्या आईच्या हातात देते आणि विचारते, काखेत कसं लावायचं ठाऊक आहे का. बहुतेक वेळा ठाऊक असतं.

या महिन्यात नवीन तीन आशा रुजू झाल्या आहेत. त्यांतल्या एकीची उद्या मनाठ्याच्या बाजूला पहिली भेट आहे, बाळाचा तिसरा दिवस. एकत्र कुटुंब आहे, चार जावा, दोन आज्या आणि सगळ्यांना बाळाजवळ यायचंय. तिनं मला दुपारी फोन करून विचारलं, इतक्या माणसांत वजन करू कसं, सगळ्यांना बाहेर काढू का. मी म्हटलं, बाहेर काढू नकोस. दोन साबण घेऊन जा.